लाभ, दोन, तीन

"जळालेली द्या," भागीरथीकाकू म्हणाल्या.

सिंधी दुकानदार मुकेशने हातातली नवी कोरी मोटर तशीच धरून आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उल्हासनगरच्या बाजारात त्याच्या वडिलांच्या वेळेपासून हे दुकान चालत होतं. इथे येणारं गिऱ्हाईक वस्तू दहा वेळा उलटीपालटी करून 'चालू आहे ना, चालू आहे ना' असं विचारून डोकं खातं. जळकी वस्तू मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

"माई, ये देखो ना, नवीन पीस आहे. एकदम पॅक. चालली नाही तर परत आणा."

"चालंल रे बाबा, नाय कोण म्हणतं? पण ती दुसऱ्या कुणाच्या हातची असणार. मला जळकी दे. सोलून मीच गुंडाळते."

"साईं, माई मजाक करते काय?" मुकेशने मला विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी गेली सहा वर्षं भागीरथीकाकूंना ओळखतो आणि त्यांनी थट्टेत काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मुकेशने काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यात लहानमोठ्या पाचपन्नास मेलेल्या मोटरी होत्या. काकूंनी चष्मा सारखा केला आणि मटारच्या शेंगा निवडाव्यात तशा त्या निवडायला लागल्या. एक उचलायची, नाकाला लावायची, खाली ठेवायची. शेवटी बोराएवढ्या मोटरी बाजूला सारून त्यांनी लिंबाएवढी एक काढली. मोठ्या खेळण्यातल्या विमानाची होती म्हणे. काकूंनी तिचं बाहेरचं भांडं बोटाने फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगो बाई! हा तर शिलिंग पंखा हाय! एवढुसा!"

ते खरंच होतं. छताच्या पंख्यात तारेचं वेटोळं मधे गप्प बसलेलं असतं आणि बाहेरचा घुमट फिरतो. या चिमुकल्या मोटरीतही तसंच. आणि पंख्यातलं वेटोळं म्हणजे काय हे भागीरथीकाकूंना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंख्यांची एक कंपनी होती. कंपनी बंद होईपर्यंत एकतीस वर्षं काकू तिथे वाइंडिंगला होत्या. हाताने फिरवायचं यंत्र, समोर तांब्याच्या तारेचं रीळ. वेढे मोजणारा काटा यंत्रावर होता, पण तो सालातले दहा महिने बिघडलेला असायचा. म्हणून बायका तोंडाने मोजायच्या. शंभर झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. चिंचोके संपले की वेटोळं ट्रेमध्ये, ट्रे गाड्यावर, आणि गाडा भिंतीपलीकडच्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये पुरुष पंखे जोडायचे, चालवून बघायचे, खोक्यात भरायचे. वाइंडिंगच्या बायकांनी तिकडे जायचं नाही, अशी कंपनीची शिस्त.

म्हणजे एकतीस वर्षांत काकूंनी लाखभर तरी मोटरी गुंडाळल्या असतील, पण आपल्या हातची म्हणून एकही फिरताना पाहिली नाही. त्यांना एक सवय लागली होती. कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर पंख्याकडे बघायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बसायच्या आधीच मान वर करून उभ्या. मला वाटलं, जळमटं बघताहेत. माझी बायको माधवी तर लगेच झाडू शोधायला आत गेली.

"असंल माझा, नसंल माझा," काकू नंतर हसत म्हणाल्या होत्या. "पंखा काय नाव सांगतो?"

आता ही मोटर कशाला हवी होती, ते सांगतो.

काकूंचे यजमान शंकरराव, म्हणजे आमचे शंकरकाका, पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. जन्मभर पंपांच्या आवाजात राहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरातल्या शांततेने त्यांचे कान दुखायला लागले, असं ते म्हणत. त्या सुमाराला उल्हासनगरच्या कुणा शेठच्या मुलाने टाकून दिलेली एक बोट त्यांच्या हाती लागली. दोन हात लांब, लाल रंगाची, रिमोटवर चालणारी आणि तीही नायट्रो नावाच्या खास इंधनाच्या इंजिनावर. दोरी ओढून इंजिन सुरू केलं की ते असं काही किंचाळायचं की आमच्या शिरगावातली सगळी कुत्री एका सुरात उत्तर द्यायची. वर इंधनातलं एरंडेल जळल्याचा वास. दर रविवारी सकाळी काका पार्किंगमध्ये इंजिन तापवायचे आणि मग बोट रिक्षात घालून काकूंच्या माहेरच्या तळ्यावर न्यायचे. ते गाव बारवी धरणाच्या रस्त्याला आहे.

त्या इंजिनावर पहिली गदा मी आणली, हे कबूल करतो. तीन सभासदांच्या लेखी तक्रारी आल्या आणि मी सूचनाफलकावर लावलं : 'पार्किंगमध्ये बोटीचे इंजिन सुरू करण्यास सक्त मनाई आहे.' बोटीविषयी नियम असलेली सोसायटी बदलापुरात दुसरी नसावी. पुढे काकांचा उजवा खांदा धरला, दोरी ओढता येईना. मग ते खास इंधन विकणारं दुकानही बंद झालं. बोट कपाटावर गेली आणि काका गॅलरीतल्या खुर्चीत. दोन वर्षं त्या खुर्चीतून त्यांनी केलेलं एकमेव काम म्हणजे मी खालून जाताना 'काय सेक्रेटरीसाहेब, शांतता आहे ना?' असं विचारणं. मला ते लागायचं.

म्हणून एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मी म्हटलं, "काका, हल्ली लोक अशा बोटी बॅटरीवर करतात. इंजिन काढायचं, मोटर बसवायची. दोरी नको, धूर नको."

"आणि आवाज?"

"आवाज नाही."

"मग ती बोट कसली रे? मिक्सर तो!" काका म्हणाले. "इंजिन म्हणजे जीव असतो. मोटर म्हणजे काय, मिक्सर. बटन दाबलं, घुर्र केलं. चटणी वाटायची का मी तळ्यात?"

भागीरथीकाकू ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. हात थांबला.

"म्हणजे मी एकतीस वरसं मिक्सरच गुंडाळत होते का?"

"अगं, तसं नाय..."

"तसंच बोललात."

दोन दिवस त्या घरात चटणी झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझी बेल वाजवली. त्यांच्या हातात पिशवी होती. "अभिजीत, उल्हासनगरला चल. मोटर घ्यायचीय. तू नुस्ता तोंड उघडून मोकळा झालास, आता संगं ये."

बॅटरी, मोटरीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर आणि ती लिंबाएवढी जळकी मोटर, असं सगळं घेऊन आम्ही परत आलो. तार काकूंनी रिळावरून सुटी घेतली आणि तिची जाडी मापाने न बघता अंगठ्याच्या नखावर फिरवून बघितली. मुकेश त्यांना दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवायला आला. "माई, बन गया तो व्हिडिओ भेजना हां," तो म्हणाला.

पुढचा आठवडा संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी काकूंचा हेल्पर. इंजिन, टाकी, धुराड्याची नळी, सगळं उतरवलं. आतून बोट एरंडेलाने इतकी चिकट झाली होती की काकूंनी तिला गरम पाण्याने तीनदा न्हाऊ घातलं. काढलेलं सामान त्यांनी वाणसामानाच्या काट्यावर तोललं आणि तेवढ्याच वजनाला बॅटरी कुठे बसेल ते ठरवलं, नाहीतर बोट नाक वर करून बसली असती. काका गॅलरीत पेपर वाचत होते. एकच पान तासभर वाचत होते.

मग गुंडाळायचा दिवस आला. मोटर सोलताना काकूंनी जुन्या तारेचा सगळा नकाशा वहीत काढून घेतला होता. मधल्या लोखंडी चकतीला बारा दाते, प्रत्येकावर तारेचे आठ वेढे. तारा तीन, एकेकीच्या वाट्याला चार दाते.

"आठच?" काकूंना हसू आलं. "आमचा आठावर हात गरम पण नाय व्हायचा."

तिन्ही तारा त्यांनी मापून सारख्या कापल्या. पहिला दाता मला मोजून दाखवला. "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. असं मोजायचं, सावकाश. तारेचं टोक माझ्या दातात असणार, मला बोलता येत नाय. तू बोल, माझा हात तुझ्या आवाजावर चालंल." मग तो दाखवलेला दाता सोडवून त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

मी मन लावून मोजलं. चार दाते झाले आणि खालून हाक आली. पाण्याचा टँकर आला होता. सेक्रेटरीला टँकर म्हणजे कुलदैवताहून मोठा. मी धावलो. टँकरवाल्याशी भांडून तासाभराने वर आलो तर दार उघडंच होतं आणि आतून आवाज येत होता.

"लाभ... दोन... तीन... हळू गं, चार..."

शंकरकाका पाटावर बसले होते. पेपर बाजूला होता, चष्मा नाकाच्या टोकावर. मला बघताच ते उठायला लागले, पण खांदा धरलेल्या माणसाला पाटावरून झटकन उठता येत नाही.

"तिला बोलता येत नव्हतं म्हणून बसलो," ते म्हणाले. "मला काय घेणं नाय."

"बरं बरं," मी म्हटलं.

टोकं जोडताना काकू जरा घुटमळल्या. एक तार बाकी दोघींपेक्षा बोटभर तोकडी उरली होती. "मीच आखूड कापली वाटतं," त्या पुटपुटल्या, पण मनात पाल चुकचुकली असावी. वार्निशचा हात दिला, दोन दिवस वाळवलं आणि शनिवारी सकाळी मोटर फळीवर ठोकून वायरी जोडल्या. काकूंनी पदराने हात पुसले. रिमोट माझ्याकडे होता.

"लाव," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मोटर फिरली. फिरली म्हणजे थरथरली. फळी टेबलावर नाचायला लागली, घरघर सुरू झाली आणि मिनिटभरात वार्निशचा कढत वास आला. मी घाईने बंद केली.

"मिक्सर!" गॅलरीतून काका म्हणाले.

बोलून गेले आणि त्यांना लगेच पश्चात्ताप झाला. कारण काकू मोटरीकडे बघत नव्हत्या, आपल्या हातांकडे बघत होत्या. तळवे वर करून, जणू कुणीतरी ते बदलून दिले होते.

"हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "आठ वरसं झाली कंपनी बंद होऊन. गेला हात."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. काका आत आले आणि त्यांनी मोटर उचलली. खालीवर करून बघितली. पंपाच्या माणसाला तेवढं कळतं. "हात गेला असता तर तिन्ही तारा गेल्या असत्या," ते म्हणाले. "ही एकच आखूड हाये. पहिली. पहिल्या तारेला मोजायला कोण होता?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी बरोबर मोजलं," मी म्हटलं. पंचवीस वर्षं विमा कंपनीत आकडे लिहितो मी, मला आठपर्यंत मोजता येतं.

"मोज बघू परत," काकू म्हणाल्या. त्यांनी बोटाभोवती सुतळी धरली.

मी घसा साफ केला. "लाभ. एक, दोन, तीन, चार..."

काकूंचा हात थांबला. काका एकदम खाली बसले, पाटावर, खांद्याचं दुखणं विसरून. आणि मग ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे गाढवा! लाभ म्हणजेच एक!"

मला खरंच माहीत नव्हतं. माझा जन्म डोंबिवलीच्या ब्लॉकमधला, आमच्याकडे तांदूळ पिशवीतून यायचा. मला वाटलं, शुभकार्याला आधी 'श्री' लिहितात तसं कामाला हात घालताना 'लाभ' म्हणायचं असेल. काकूंच्या माहेरी खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. कंपनीतल्या सगळ्या बायका अशाच गावांतल्या, त्यांनी तीच मोजणी पंख्यात घातली. आणि मी प्रत्येक दात्याला भक्तिभावाने एक लाभ जास्त दिला होता. चार दाते, चार वेढे.

"आणि तुला ऐकू नाय आलं?" काकांनी काकूंना विचारलं.

"हात ऐकतो, मी कुठं ऐकते?" काकू म्हणाल्या. आता त्याही हसत होत्या. पदर तोंडाला लावून, हलत हलत. मग त्यांनी परत एकदा आपले हात बघितले, उलटे, सुलटे, आणि म्हणाल्या, "तार काढा. आत्ताच गुंडाळते."

या वेळी पहिल्यापासून काका मोजायला बसले. मला त्यांनी चहा करायला पाठवलं. साखर किती चमचे घालायची तेही मोजून सांगितलं, लाभापासून.

वार्निश वाळून पुढच्या शनिवारी दुसऱ्यांदा मोटर फिरली तेव्हा फळीवर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा हलला नाही. काकूंनी मोटरीच्या भांड्याजवळ कान नेला, मग फिरत्या वाऱ्याशी गाल. पण काकांनी ती बोटीत बसवून बाथरूमच्या टबात पहिल्यांदा चालवली, तेव्हा बोटीखालचा पंखा उलटा फिरून सगळं पाणी माझ्या शर्टावर आलं. मी कंट्रोलरचं माहितीपत्रक शोधायला लागलो. तोवर काकांनी तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करून जोडल्याही.

"तीन वायरींची मोटर उलटी फिरली की कुठल्याही दोन बदलायच्या," ते म्हणाले. "पंप तोच, लहान झालाय एवढंच." आणि खिशातल्या खडूच्या तुकड्याने त्यांनी मोटरीवर दिशेचा बाण काढला. दोन वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खिशात खडू कसा होता, ते मी विचारलं नाही. इंजिन गार ठेवायला पूर्वी सुकाणूमागून ज्या नळ्यांतून पाणी आत यायचं, त्याच नळ्या त्यांनी मोटरीला आणि कंट्रोलरला वळवल्या. संध्याकाळपर्यंत बोट तयार झाली. मग मी खाली जाऊन फलकावरच्या जुन्या सूचनेखाली एक ओळ वाढवली : 'विजेवर चालणाऱ्या बोटीस हा नियम लागू नाही.'

रविवारी सकाळी रिक्षा करून आम्ही बारवीच्या रस्त्याला लागलो. काकूंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बोट होती. तळ्याला पाणी भरपूर होतं. पलीकडच्या काठाशी एक बगळा उभा होता. पूर्वी काकांनी इंजिनाची दोरी ओढली की तो काय, सगळा थवाच उठून थेट धरणापर्यंत जायचा.

काकांनी बोट पाण्यात सोडली, रिमोट हातात घेतला, खटका पुढे सरकवला.

लाल बोट निघाली. आवाज नाही. पाणी कापल्याची बारीक सळसळ तेवढी येत होती. नाक उचलून ती तळ्याच्या मधोमध गेली, डावीकडे वळली, बगळ्याच्या अगदी पुढ्यातून गेली. बगळ्याने एक पाय बदलला आणि परत मासे बघायला लागला. काका आधी कानाला हात लावून उभे होते, जुन्या किंचाळीची वाट बघत असावेत. मग तो हात खाली आला. बोट पूर्ण फेरी मारून आमच्या समोरून गेली आणि शंकरकाका सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"लाभ!"

काकू काठावरच्या दगडावर बसल्या होत्या. चपला काढून पाय पाण्यात सोडले होते. काका त्यांच्याकडे गेले आणि रिमोट पुढे केला. "घे. मोटर तुझी हाय. मिक्सर म्हणालो ते परत घेतलं, अभिजीत साक्षीला आहे."

काकूंनी रिमोट घेतला नाही. बोटीवरची नजरही काढली नाही.

"तुम्हीच चालवा," त्या म्हणाल्या. "मला बघू द्या."

"बघ," काका म्हणाले आणि पुन्हा खटका पुढे केला.

बॅटरी संपेपर्यंत त्या बघत राहिल्या. काका मोजत होते, दोन, तीन, चार. अकराव्या फेरीला बोट मंदावली आणि तरंगत काठाला लागली. काकूंनी ती स्वतः उचलली, झाकण उघडलं आणि बोटाने मोटर चाचपून बघितली. कोमट होती. पदराने त्यांनी ती आतून कोरडी केली.

परतल्यावर माधवीने सगळ्यांना आमच्याकडेच चहाला थांबवून घेतलं. काका टाळ्या देत देत बगळ्याची गोष्ट सांगत होते, त्यातला बगळा एव्हाना तीन बगळे झाला होता. उकडत होतं, म्हणून मी उठून पंखा पाचवर केला. तो नेहमीसारखा कुरकुरून फिरायला लागला आणि मी सवयीने काकूंकडे पाहिलं. त्या बशीतला चहा फुंकत होत्या. मांडीवर बोट होती. त्यांनी वर बघितलं नाही.